वडगावचा मामा कॉट्सवोल्ड्सच्या चढावर

मामाला इंग्लंडात एकच गोष्ट बघायची होती. राजवाडा नको, लंडनचा पूल नको, वॉरन हेस्टिंग्जची कबर. मामा वडगाव मावळचा. वय चौसष्ट. तीस वर्षं तळेगावच्या एका कारखान्यात सायकलने जाऊन-येऊन नोकरी केली. 1779 च्या जानेवारीत बोरघाट चढून आलेली इंग्रजांची फौज ज्या गावात कोंडली गेली आणि हात टेकून मोकळी झाली, त्या गावात जन्मलेल्या माणसाचं हेस्टिंग्जशी जरा घरगुती वाकडं असतं. वडगावचा तह मुंबईकर इंग्रजांनी केला आणि कलकत्त्यात बसलेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने तो मानला नाही. "सही करून फिरला, तो कुठं पुरलाय ते बघायचंय," मामा म्हणायचा. सही हेस्टिंग्जची नव्हती, हे मी दोनदा सांगून पाहिलं.

नकाशात शोधलं तर डेल्सफर्ड नावाचं चिमूटभर गाव निघालं. रेडिंगला आमच्या घरापासून आगगाडीने तासाभरावर मोर्टन-इन-मार्श, आणि तिथून जवळच. एका कबरीसाठी टॅक्सी करायची का, असं मी विचारलं तर मामा म्हणाला, "सायकलने जाऊ की." मग मी चार दिवसांचा गोल आखला. मोर्टनहून निघून चिपिंग कॅम्डन, ब्रॉडवे, स्नोझहिल, बोर्टन-ऑन-द-वॉटर, स्टो, डेल्सफर्ड, चिपिंग नॉर्टन आणि परत मोर्टन. रोजचे तीस-पस्तीस किलोमीटर. शर्यतवाले एका दिवसात संपवतील. आम्हाला थांबायचं होतं, खायचं होतं आणि मामाला प्रत्येक पाटी वाचायची होती. गोल घड्याळाच्या उलट दिशेने जात होता. कबरीला जायचं तर प्रदक्षिणा उलटीच बरी, असं मामाचं मत पडलं.

निघण्याआधी जमिनीबद्दल थोडं. कॉट्सवोल्ड्स म्हणजे चुनखडीचं एक भलंमोठं पठार, पश्चिमेकडून उचलून धरल्यासारखं कललेलं. पश्चिमेला एकदम कडा, पूर्वेला हळूहळू उतरत जाणाऱ्या टेकड्या आणि त्यांच्यात वाहणाऱ्या नद्या. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो हसायलाच लागला. "अगं, हा तर सह्याद्री. पश्चिमेला कोकण, पूर्वेला देश." बरोबरच होतं, फक्त माप वेगळं. इथलं सर्वांत उंच टोक, क्लीव्ह हिल, 330 मीटरचं, आणि आपलं कळसूबाई 1646 मीटरचं. म्हणून मामा या चढांना चढ म्हणायला तयार नव्हता. मंगळवारी दुपारपर्यंत.

मंगळवार: मोर्टन ते ब्रॉडवे

इथल्या गाड्यांत सायकलला तिकीट पडत नाही, पण आमच्या गाडीत तिची जागा आधी राखून ठेवावी लागते. ती जागा म्हणजे एक अरुंद कपाट, त्यात सायकल पुढचं चाक वर करून आकड्याला टांगायची. माझी सायकल गेली. नवऱ्याची सायकल मामाला दिली होती, तिचं हँडल रुंद, ते काही केल्या शिरेना. मागे चार माणसं खोळंबली. शेवटी मामाने हँडल तिरकं करून ती अशी काही ढकलली की पुढे मोर्टनला ती काढायला आम्हा दोघांना जोर लावावा लागला.

मोर्टनला मंगळवारचा बाजार भरला होता. मोजे, कुंड्या, चीज, कुत्र्यांच्या गाद्या. ज्या रुंद रस्त्यावर हा बाजार भरतो तो रोमन लोकांचा फॉस वे, एक्झेटरहून लिंकनला जाणारा, जवळजवळ सरळ रेषेत. मामाने अर्धा किलो सफरचंदं घेतली आणि विकणाऱ्या बाईला "बाजार मंगळवारचाच का?" असं मराठी चालीच्या इंग्रजीत विचारलं. तिने दहा मिनिटं उत्तर दिलं. मला त्यातलं निम्मं कळलं, मामाला सगळं.

ब्लॉकलीपर्यंतचा रस्ता म्हणजे कुंपणांच्या मधून जाणारी एकेरी बोळ. दोन्ही बाजूंना हॉथॉर्नची पांढरी फुलं, खाली कमरेइतकं काऊ पार्सली, तेही पांढरं. मेचा शेवटचा आठवडा, सगळीकडे कोणी रांगोळी सांडल्यासारखं. मामा पुढे, मी मागे. त्याने एकदाही गिअर बदलला नाही. आयुष्यभर काळी ॲटलस चालवलेला माणूस, त्याच्या लेखी गिअर म्हणजे पायाने घेतलेली लाच. ब्लॉकलीचं गाव दरीत आहे. उतरताना मजा आली आणि मग समोर भिंत उभी राहावी तसा रस्ता वर गेला. इथल्या नकाशांवर अशा जागी बाणाची खूण असते: एक बाण म्हणजे पाचाला एक ते साताला एक असा चढ, दोन बाण म्हणजे त्याहून वाईट. हा एका बाणाचा होता. मामा अर्ध्यावर उतरला आणि सायकल ढकलू लागला. उलटं फिरलेलं पेडल खाडकन त्याच्या नडगीवर बसलं. मला शिवी ऐकू आली, त्यानंतर गिअरचा पहिला खटका.

चिपिंग कॅम्डनला पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. अशा वेळी हे गाव बघावं. इथला चुनखडीचा दगड लोखंडाच्या अंशामुळे पिवळसर असतो. सकाळी तो ताकासारखा दिसतो, संध्याकाळी तुपासारखा. 'चिपिंग' म्हणजे बाजार. तेराव्या-चौदाव्या शतकात इथल्या मेंढ्यांची लोकर युरोपभर जायची आणि त्याच पैशांतून ही घरं आणि या एवढ्याशा गावांना न शोभणारी अवाढव्य चर्चं उभी राहिली. कॅम्डनच्या चर्चमध्ये विल्यम ग्रेव्हल या लोकरीच्या व्यापाऱ्याची पितळी पाटी आहे, 1401 ची. तिच्यावर त्याला साऱ्या इंग्लंडच्या लोकरव्यापाऱ्यांचं फूल म्हटलंय. मामाला ती फार आवडली. "आमच्या अडत्यांच्या फोटोखाली फक्त 'कै.' लिहितात." भर रस्त्यात 1627 चं मार्केट हॉल आहे, चारी बाजूंनी कमानी आणि आत ऊबडखाबड दगडी फरशी. लोणी, चीज, कोंबड्या विकणाऱ्यांना पावसात आसरा म्हणून बांधलेलं. आम्ही तिथेच बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या.

गावाबाहेर डोव्हर्स हिल. तिथे येत्या शुक्रवारच्या खेळांची तयारी चालली होती. रॉबर्ट डोव्हर नावाच्या वकिलाने 1612 च्या सुमारास इथे 'ऑलिंपिक' खेळ सुरू केले, मधल्या खंडांनंतर आजही ते होतात. त्यातला सर्वांत नावाजलेला खेळ म्हणजे एकमेकांच्या नडग्यांवर लाथा मारणे. दोघे समोरासमोर उभे राहतात, एकमेकांची कॉलर धरतात आणि लाथा हाणून दुसऱ्याला पाडतात. पँटच्या आत गवत कोंबायची मुभा असते. मामाने हे तीनदा विचारून खात्री करून घेतली. मग पायमोजा खाली करून पेडलने आलेला टेंगूळ मला दाखवला. "माझा सराव चालू झालाय."

ब्रॉडवे टॉवर 312 मीटर उंचीच्या टेकडीवर आहे. 1798-99 मध्ये कोण्या लेडी कॉव्हेंट्रीसाठी बांधला, कशासाठी म्हणाल तर दिसावा म्हणून. असे बिनकामाचे बुरूज इंग्लंडात पुष्कळ. पण इथून पश्चिमेला बघितलं की कडा म्हणजे काय ते कळतं. पायाखालची जमीन संपते आणि खाली इव्हशॅमचं सपाट खोरं पसरतं, त्याच्यापलीकडे वेल्सच्या डोंगरांची निळी रेघ. मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "राजमाचीवरून असंच दिसतं. फक्त खाली नारळ असतात." राजमाचीवरून नारळ दिसत नाहीत, पण त्या क्षणी मी वाद घातला नाही.

फिश हिलचा उतार मोठ्या रस्त्याचा, मागून ट्रक. तो भाग मी पुन्हा करणार नाही.

बुधवार: ब्रॉडवे ते बोर्टन-ऑन-द-वॉटर

सकाळी अंडी, मश्रूम, बीन्स, टोस्ट. मामाने पिशवीतून लसणाची चटणी काढून बीन्सवर पेरली. वाढणाऱ्या मुलाने उत्सुकतेने बघितलं म्हणून त्यालाही चिमूटभर दिली. तो नंतर पाण्याचा जग घेऊन आत गेला तो आमचं बिल द्यायलाच बाहेर आला.

ब्रॉडवे खाली आहे, कोकणात. त्यामुळे सकाळचा पहिला कार्यक्रम घाट चढण्याचा. स्नोझहिलपर्यंत तीन-चार किलोमीटर रस्ता आधी गोड बोलतो, मग गावाच्या तोंडाशी खरा रंग दाखवतो. मामा आता सर्वांत हलक्या गिअरवर होता आणि मला गिअरचं तत्त्वज्ञान समजावून सांगत होता. स्नोझहिलच्या जुन्या वाड्यात चार्ल्स वेड नावाच्या विक्षिप्त माणसाने आयुष्यभर गोळा केलेल्या हजारो वस्तू आहेत. जपानी सामुराईंची चिलखतं सगळे बघतात. आम्ही एका पोटमाळ्यावरच्या जुन्या सायकलींपाशी अडकलो. लाकडी चाकांची, लोखंडी पट्टी ठोकलेली, पेडल थेट पुढच्या चाकाला. मामाने वाकून बेअरिंग शोधली, सापडली नाहीत. "यावर बसून हा चढ कोण चढलं असेल?" असं तो जवळच्या स्वयंसेवक बाईंना विचारत होता. त्या म्हणाल्या, बहुतेक ढकलूनच.

वर पठारावर आल्यावर वारा, चंडोल आणि मेंढ्या, दुसरं काही नाही. शेतांना दगडी कुंपणं, मातीचुन्याशिवाय रचलेली, कोकणातल्या गडग्यांसारखी. वरचा शेवटचा थर मात्र दगड उभे करून लावलेला, पुस्तकं फळीवर लावावीत तसा. एके ठिकाणी भिंत ढासळली होती तिथे आत काय ते दिसलं: दोन वेगळ्या भिंती एकमेकींकडे झुकवलेल्या, मधल्या पोकळीत खडीची भर, आणि मध्येमध्ये आरपार जाणारा एक लांब दगड दोघींना बांधून ठेवणारा. मामाने उतरून हात घालून बघितलं. त्याच्या वडिलांना बांधावर ताल रचताना त्याने पाहिलं होतं. "हाच तो आडवा दगड. तो विसरलं की पहिल्या पावसात पोट फुगतं."

इथेच विंडरश नदी उगम पावते. फोर्ड नावाच्या गावात ती उडी मारून ओलांडता येते, पुढे गायटिंग आणि नॉन्टनला ओढ्याएवढी होते, आणि संध्याकाळी बोर्टनला पोचेपर्यंत तिच्यावर पूल येतात. दिवसभर आम्ही तिला कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवून चाललो होतो. रस्ता दर मैलाला एकदा तिच्यापर्यंत उतरायचा आणि लगेच पुन्हा चढायचा. हेच या भागाचं खरं दुखणं. एकही चढ मोठा नाही, पण दिवसाकाठी वीस छोटे. पाट्या मैलांत असतात. मामाने हिशेब लावला होता: मैलाचे दीड किलोमीटर धरायचे आणि वर जे उरतं ते मांड्यांचं.

अप्पर स्लॉटरच्या अलीकडे मामाची सायकल डोलायला लागली. मागचं चाक बसलं होतं.

मी खुशीत माझ्या पिशवीतली नवी ट्यूब काढली. पाच मिनिटांत बदलून पुढे, चहाची वेळ होत होती. मामाने ट्यूब हातात घेतली, बघितली, परत दिली. "पंक्चर काढायचं असतं, ट्यूब टाकायची नसते." गावात रस्त्यावरूनच ओढा वाहतो, जिथे गाड्या पाण्यातून जातात. मामाने सायकल तिथे नेऊन उलटी उभी केली. चाक काढलं नाही. टायर एका बाजूने सोडवला, ट्यूब बाहेर ओढली, पंपाने फुगवली आणि ओढ्याच्या कडेला उकिडवं बसून वीतवीतभर पाण्यात बुडवू लागला. पाणी घोट्याएवढं आणि बर्फासारखं गार. एका जागी मोहरीएवढे बुडबुडे निघाले, एकामागे एक. त्याने तिथे बोट ठेवलं, ट्यूब रुमालाने पुसली, बॉलपेनने फुली मारली. मग पॉलिश पेपर, मग सोल्यूशन. आणि मग तो नुसता बसून राहिला.

"मामा, पॅच?"

"सुकू दे. ओल्या सोल्यूशनवर पॅच लावणाऱ्याचं पंक्चर त्याच जागी परत होतं." तेवढ्या वेळात त्याने टायरच्या आतून बोटं फिरवली आणि काटा शोधून काढला. हॉथॉर्नचा. कुंपणं छाटली की हे काटे रस्त्यावर येतात. बाभळीपेक्षा आखूड, पण जात तीच. तो त्याने कागदात गुंडाळून खिशात ठेवला. कशाला, ते मी विचारलं नाही. एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला पाणी पाजायला आले होते, ते काठीवर रेलून सगळं संपेपर्यंत बघत राहिले. लहानपणी आपण हे करायचो, एवढंच म्हणाले आणि गेले.

स्लॉटर या नावाचा कत्तलीशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीतल्या चिखलासाठीच्या शब्दावरून ते आलंय. उलट हे गाव दोन्ही महायुद्धांतून सुटलेलं. इथून जे जे लढायला गेले ते सगळे जिवंत परतले. इंग्लंडातल्या प्रत्येक गावात मेलेल्यांच्या नावांचा एक दगड असतो. सकाळपासून मामा ते वाचत आला होता, गावं शंभर घरांची आणि नावं वीस-पंचवीस. इथे तो दगड शोधला, सापडला नाही, आणि का सापडला नाही ते कळल्यावर तो ओढ्याशी परत आला. हवा एकदा अंगठ्याने दाबून बघितली आणि निघाला.

बोर्टनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शाळांना सुट्टी, सगळं बर्मिंगहॅम नदीकाठी आइसक्रीम खात बसलेलं. सुंदर आहे, ठेंगणे पूल आहेत, पण उभं राहायला जागा नाही. तिथे गावाची नवव्या हिश्शाच्या मापाची दगडी प्रतिकृती आहे, 1937 ची. तिच्यात त्या प्रतिकृतीचीही प्रतिकृती आहे आणि तिच्यातही एक. मामा शेवटची शोधायला गुडघ्यावर बसला तेव्हा मागच्या पोरांनी त्याला पुढे जागा करून दिली.

गुरुवार: बोर्टन ते चिपिंग नॉर्टन

रात्रीपासून पाऊस. इथला पाऊस मावळातल्यासारखा कोसळत नाही. तो असतो, एवढंच. बघायला गेलं तर दिसत नाही, तासाभराने मोजे पिळले तर पेलाभर निघतो.

स्टो-ऑन-द-वोल्ड टेकडीच्या माथ्यावर आहे, सुमारे 240 मीटरवर, आणि इथे वारा गार वाहतो अशी म्हणच आहे. मेंढ्यांच्या मोठ्या जत्रा इथे भरायच्या. चौकाकडे येणाऱ्या काही बोळी मुद्दाम इतक्या अरुंद की मेंढ्या एकेरी रांगेत येतील आणि मोजता येतील. 1646 च्या मार्चमध्ये इंग्रजांच्या यादवीतली पहिल्या पर्वाची शेवटची लढाई इथे झाली. हरलेल्या राजाच्या माणसांना चर्चमध्ये कोंडलं होतं. त्या चर्चच्या उत्तर दाराला दोन्ही बाजूंनी जुने यू वृक्ष असे चिकटून वाढलेत की दार झाडातूनच उगवल्यासारखं वाटतं. चहा घेतला. दोन घेतले.

मग उतार, ऑडिंग्टन आणि डेल्सफर्ड. मुख्य रस्त्यापासून आत एक शांत वळण. जवळच एक नामांकित सेंद्रिय फार्म शॉप आहे, तिथे ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांतल्या एकीच्या किमतीत वडगावला फ्लॅट येईल. चर्च मात्र सामसूम. झाडांखाली पाणी टपकत होतं. आम्ही सायकली कुंपणाला टेकवल्या आणि चर्चला वळसा घालून मागे गेलो.

कबर म्हणजे एक दगडी चौथरा, वर कलश. मोजकीच अक्षरं. मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. बंगालचा पहिला गव्हर्नर जनरल. मायदेशी परतल्यावर 1788 पासून सात वर्षं पार्लमेंटात त्याच्यावर खटला चालला. बनारसचा राजा चैतसिंग, अवधच्या बेगमा, त्यांच्याकडून उकळलेला पैसा, सगळं बाहेर निघालं आणि 1795 मध्ये तो निर्दोष सुटला. हे डेल्सफर्ड त्याच्या घराण्याचं, हातचं गेलेलं. लहानपणी त्याने ते परत मिळवायचं ठरवलं होतं म्हणतात, आणि हिंदुस्थानातून परतल्यावर त्याने ते विकत घेतलंच. 1818 च्या ऑगस्टमध्ये इथेच मेला. मामा बोटांवर हिशेब करत म्हणाला, "जूनमध्ये बाजीरावाने शरणागती पत्करली. म्हणजे पेशवाई बुडालेली ऐकून गेला का हा?" जहाजाने बातमी यायला चार-सहा महिने लागत. "नसणार," मी म्हटलं. मामाला बरं वाटल्यासारखं दिसलं.

पावसातच त्याने मला वडगाव सांगितलं. मी ते लहानपणापासून शंभरदा ऐकलंय, पण हेल्मेटवरून पाणी गळत असताना हेस्टिंग्जसमोर उभं राहून पहिल्यांदाच. मुंबईची फौज घाट चढली, पुढे तळेगाव जळत होतं. महादजी शिंद्यांनी वाटेतलं धान्य नि वैरण काहीच ठेवलं नव्हतं. त्याआधी कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याच्या धाडसावर खूश होऊन मराठ्यांनीच त्याला 'इष्टूर फाकडा' म्हटलं. मग माघार, वेढा, तह. आणि कलकत्त्याहून हेस्टिंग्जचं उत्तर: हा तह मान्य नाही. त्याने आधीच धाडलेली कर्नल गॉडर्डची फौज आख्खा हिंदुस्थान ओलांडून सुरतेला पोचली, आणि पुढे तीन वर्षं लढून 1782 मध्ये सालबाईच्या तहात दोघे पुन्हा जवळजवळ जिथे होते तिथेच आले.

"इष्टूर फाकड्याची समाधी आमच्या गावात आहे," मामा कलशाकडे बघत म्हणाला. "तिथं माणसं येतात-जातात. याच्याकडे कुणी येत नाही वाटतं." मग त्याने खिशातून ती कागदाची पुडी काढली, उघडली, आणि कालचा काटा चौथऱ्याच्या कडेवर ठेवला. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. निघताना तो स्वतःच परत गेला आणि काटा उचलून गवतात टाकला. "कुणा सायकलवाल्याला लागायचा."

किंगहॅमवरून चर्चिल. हेस्टिंग्ज जन्मला ते हे गाव, 1732 साली. पण त्याच गावात 1769 मध्ये विल्यम स्मिथ नावाचा लोहाराचा मुलगा जन्मला आणि त्याचा दगडी स्तंभ गावात उभा आहे. इथल्या गवळणी लोणी तोलायला शेतात सापडणारे गोल दगड वापरायच्या. ते होते समुद्री जिवांचे जीवाश्म. ते बघत वाढलेल्या या पोराने पुढे कालवे खणताना खडकांचे थर त्यांच्यातल्या जीवाश्मांवरून ओळखायला शिकून 1815 मध्ये इंग्लंड आणि वेल्सचा भूगर्भीय नकाशा एकट्याच्या जिवावर काढला. नंतर कर्जापायी तुरुंगातही गेला. आम्ही चार दिवस ज्या दगडाच्या घरांवरून भुललो होतो तो दगड म्हणजे जुन्या उथळ समुद्राचा तळ, हे आम्हाला याच्यामुळे ठाऊक. मामाने दोघांच्या जन्मसालांची वजाबाकी केली, "सदतीस," आणि म्हणाला, "हा बरा होता."

चिपिंग नॉर्टनला उतरताना दरीत एक राजवाडा दिसतो, त्याच्या घुमटातून चिमणी निघालेली. ती लोकरीच्या कापडाची गिरणी, 1872 ची. 1980 मध्ये बंद पडली. आता आत फ्लॅट आहेत. मामा ब्रेक दाबून थांबला. त्याचा थोरला भाऊ लालबागच्या गिरणीत होता. "इथंही तेच," एवढंच म्हणाला. रात्री पबमध्ये त्याने मटणाचा पाय मागवला, चटणी संपली होती, तरी सगळा खाल्ला.

शुक्रवार: चिपिंग नॉर्टन ते मोर्टन

ऊन. रोलराइट स्टोन्स रस्त्याच्या कडेलाच आहेत, टेकडीच्या कण्यावर. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं दगडांचं रिंगण, किडलेल्या दातांसारखं. एका राजाला चेटकिणीने सैन्यासकट दगड केलं अशी गोष्ट आहे, आणि हे दगड तीनदा मोजून तीनदा सारखे येत नाहीत म्हणतात. अधिकृत आकडा 77. माझे आले 73. मामाचे 76, मग 71, मग एक फुटका धरायचा की नाही यावर वाद, आणि तो विषय आम्ही तिथेच सोडला. मोर्टनच्या अलीकडे फोर शायर स्टोन लागला. पूर्वी इथे चार जिल्हे भेटायचे. 1931 मध्ये सीमा बदलल्यापासून तीनच भेटतात, दगडाचं नाव तेच आहे.

दुपारी सेझिंकोट. हे मी मामाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. बोर्टन-ऑन-द-हिलचा चढ हा सबंध फेरीतला शेवटचा आणि पायांत काही उरलेलं नसताना येणारा. तिथून आत वळून ओकच्या झाडांतून जाणाऱ्या वाटेने गेलो, आणि झाडी संपल्यावर मामा सायकलवरून उतरलाच. समोर इंग्रजी हिरवळीवर, मेंढ्यांच्या पलीकडे, तांब्याचा हिरवा पडलेला कांद्याच्या आकाराचा घुमट. छज्जे, छत्र्या, कमानी.

ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावलेल्या चार्ल्स कॉकरेलचं हे घर, 1805 च्या सुमाराचं. बांधणारा त्याचाच भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल, ज्याने हेस्टिंग्जचं डेल्सफर्डचं घरही बांधलं. तो हिंदुस्थानात कधी आलाच नाही. मदतीला होता टॉमस डॅनियल, जो सात-आठ वर्षं हिंदुस्थान हिंडून चित्रं काढून गेला होता. याच डॅनियलने जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून पेशव्यांच्या दरबाराचं ते मोठं चित्र 1805 मध्ये रंगवलं. प्रिन्स रीजंट, म्हणजे पुढचा राजा चौथा जॉर्ज, हे घर बघून गेला आणि पुढे ब्रायटनला त्याने स्वतःसाठी आणखी घुमट उठवले.

बागेत ओढा, त्याच्या उगमाशी सूर्याचं छोटं देऊळ, खाली पूल आणि पुलाच्या कठड्यावर नंदी. मामाने पुलाच्या दोन्ही बाजूंनी जाऊन ते तपासले. वशिंड बरोबर होतं. "देऊळ सूर्याचं, नंदी शंकराचा. विचारायला कुणी नव्हतं वाटतं याला." तरी पुलावरून जाताना त्याचा हात नंदीच्या पाठीला लागलाच, सवयीने, आणि मग कपाळाला. पुलाखाली ओढ्यात दगड टाकून वाट केलीय. तिथे सावलीत बसून आम्ही उरलेला चिवडा संपवला. वर नंदी, खाली गार पाणी. तो म्हणाला, हेस्टिंग्जपेक्षा हे बरं झालं बघितलं. पुन्हा थोड्या वेळाने म्हणाला, नाही, दोन्ही बघायला पाहिजे होतं.

मोर्टनला परत येईपर्यंत साडेपाच झाले. चार दिवसांचे मिळून सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. फलाटावर आमच्या बाजूला बाकं रिकामी होती. उलट्या बाजूने आलेल्या गाडीतून पोरंपोरी घोळक्याने उतरली, कॅम्डनच्या टॅक्सीची चौकशी करत. एकाच्या काखेत गवताची पेंढी होती.

मामाने मला कोपराने ढोसलं. पायमोजा खाली केला. मंगळवारचा टेंगूळ आता पिवळा-जांभळा झाला होता.

"आपली गाडी किती वाजता?"

"सहा सतरा."

"आणि शेवटची?"